खडेवेचीचा गाल

आमच्या कचेरीत माणसं दोनच प्रकारची: बघणारी आणि लिहिणारी. मी बघणारी. माळावर खुंट्या ठोकून रेषा आखलेली असते. त्या रेषेवरून चालायचं, दिसेल तो पक्षी मोठ्यानं सांगायचा, आणि दहा पावलं मागून येणाऱ्या लेखनिकानं तो कागदावर उतरवायचा. लेखनिकानं मान वर करायची नाही. फार पूर्वी दोघंही बघायचे तेव्हा एकच पक्षी दोनदा मोजला जायचा आणि त्या उजाड माळावर पाखरांची जत्रा भरली आहे असं वरच्यांना वाटायचं. तेव्हापासून नियम झाला: बघणाऱ्यानं लिहायचं नाही, लिहिणाऱ्यानं बघायचं नाही.

माझे वडील लेखनिक होते. एकतीस वर्षं त्यांनी हा दगडधोंड्यांचा, काट्याकुट्यांचा, पाण्याचं नाव नसलेला माळ तुडवला, पण पाहिला म्हणावा तर फक्त स्वतःचे बूट पाहिले. नियम त्यांनी एकदाच मोडला आणि तेव्हा त्यांना खडेवेची दिसली.

खडेवेची म्हणजे चिमणीएवढा मातकट चंडोल. झाडावर बसत नाही, उंच उडत नाही, सगळा संसार जमिनीवर. झुडपाच्या आडोशाला घरटं करते आणि त्याच्या तोंडाशी छोटे छोटे खडे आणून मांडते, म्हणून हे नाव. बाबांनी ती पाहिली, रीतसर नोंद लिहिली आणि तेव्हाच्या साहेबांनी लाल पेनानं ती खोडली. का? तर लेखनिकानं पाहिलेलं ग्राह्य नाही. ही हकीकत मी इतक्यांदा ऐकलेली की झोपेत विचारली तरी सांगितली असती. आमच्या घरात त्या साहेबांचं नाव निघालं की बाबांचा घास तोंडात अडकायचा. साहेबांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, पण बाबा तीस वर्षं दवाखान्यात जातानासुद्धा ती गल्ली टाळून वळसा घालायचे.

आई म्हणायची, "त्या पाखरीनं माझा नवरा पळवलाय. सवत तरी एकदा डोळ्यांनी दिसावी."

यंदा गोष्ट हातघाईवर आली. हा माळ खडेवेचीच्या नावावर राखीव आहे. पण चाळीस वर्षं नोंद झाली नाही तर नाव कमी होतं, आणि शेवटची मान्य नोंद होऊन यंदा चाळीस वर्षं भरत होती. बाबांची नोंद टिकली असती तर अजून दहा वर्षं हातात असती. माळाच्या कडेला खडी फोडायची यंत्रं येऊन उभीसुद्धा राहिली होती, नवी, पिवळी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. कचेरीनं आम्हाला गणनेचे तीन दिवस दिले. तीन दिवसांत खडेवेची दिसली तर माळ राहणार, नाहीतर त्याची खडी होणार. आणि बाबा थापाडे म्हणून मरणार, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

"मी येणार," बाबा म्हणाले.

त्यांना काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, समोरचं माणूस धुरकट दिसतं, बस्स. वय चौऱ्याहत्तर.

"काय म्हणून येणार?" मी विचारलं.

"पाणीवाला म्हणून. प्रत्येक तुकडीला एक पाणीवाला मिळतो. त्याला वयाची अट नाही, डोळ्यांचीही नाही. नियम मला शिकवू नकोस, मीच सुवाच्य अक्षरात तीन वेळा उतरवून काढलेत."

मी कचेरीत अर्ज दिला. आमच्या हल्लीच्या साहेबांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय, माळावर कोण जातंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सही झाली.

आमचा लेखनिक चाळिशीचा, शिडशिडीत. त्याला सगळे सुवाच्य म्हणतात, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्या अक्षरासारखाच, एक रेघ इकडची तिकडे नाही. पहिल्या दिवशी पहाट फुटताच आम्ही रेषेला लागलो. पुढे मी, मागे मान खाली घालून सुवाच्य, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाण्याची पिशवी घेतलेले बाबा. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, ही कुठली वरात निघाली.

मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. पन्नास पावलं पुढे, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा पुढे. साधे चंडोल दिसले, दोन टिटव्या दिसल्या, सरडे तर विचारू नका. खडेवेची नाही. खुंट्या एकूण बावीस. बाविसाव्या खुंटीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि दगड तापल्यावर पक्षी सावलीला जातात, म्हणून गणना तिथेच थांबते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. वाळूनं डोळे भरले, दुर्बिणीच्या काचेवर थर बसला. पुन्हा बावीस खुंट्या, पुन्हा काही नाही.

परत येताना बाबा म्हणाले, "पोरी, तू फार बघतेस."

माझं डोकंच फिरलं. "मग काय करू? डोळे मिटून चालू? पगार त्याचाच घेते मी."

"तसं नाही गं. तू चालताना मान फिरवतेस ना, तेव्हा तुझे बूटही फिरतात. खडे करकरतात. मला ऐकू येतं, तर तिला येणार नाही? ती दबून बसत असणार. दगडासारखी."

"तुम्हाला कशी दिसली मग?"

"मी दगडावर बसून लिहीत होतो. तेव्हा साहेब स्वतः बघायला यायचे, ते लांब पुढे गेले होते. ती माझ्या बुटापाशी आली, खडा उचलायला."

ही हकीकत शेकडो वेळा ऐकली होती, पण त्यात हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की पक्षी त्यांच्याकडे चालत आला होता. बावीस वर्षं मी पन्नास पावलांवर नजर ठेवून हिंडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला माझाच राग आला.

संध्याकाळी मी नियमांचं पुस्तक काढलं. प्रत्येक खुंटीपाशी पाच मिनिटं थांबता येतं. थांबायचं म्हणजे उभंच राहायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. पक्षी सापडला तर त्याचं वर्णन पुरं होईपर्यंत हवा तेवढा वेळ बसता येतं. मी आईला जुनी तीन गोणपाटं मागितली.

"बसायला गोणपाट?" आई म्हणाली. "सहल आहे की नोकरी?"

"उद्या बसूनच शोधणार. आणि नाही सापडली तर पुन्हा नाव काढणार नाही."

"सापडेल," आई म्हणाली आणि मग हळूच, बाबा आत आहेत हे बघून, "सापडूच दे बाई. तीस वर्षं त्यांचा तो राग मी रांधून वाढतेय."

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या खुंटीला बसलो. सुवाच्यला हे पटलं नव्हतं, पण पुस्तकात मनाई नाही म्हटल्यावर त्याच्याही हातात काही नव्हतं. मान खाली, दुर्बीण मांडीवर, कोणी हलायचं नाही. पाच मिनिटं. उठायचं, हळू चालायचं, पुढच्या खुंटीला पुन्हा बसायचं. सहाव्या खुंटीपर्यंत माझे गुडघे कुरकुरायला लागले. नवव्या खुंटीला एक मोठा विंचू सुवाच्यच्या वहीवरून चालत गेला. तो पठ्ठ्या इतका नियमाचा पक्का की हलला नाही, फक्त वही जरा तिरपी केली. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात मान द्यायला लागले.

तेराव्या खुंटीला बाबांनी एक बोट वर केलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मान डावीकडे कलती केली आणि अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "खड्यावर खडा."

मग मलाही आलं. टक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक. दहा पावलांवर एक खुरटं काटेरी झुडूप होतं, तिथून. मी मान न वळवता फक्त डोळे फिरवले. झुडपाच्या बुंध्याशी एक दगड हलला. तो दगड नव्हता. चोचीत हरभऱ्याएवढा खडा घेऊन ती मागे मागे सरकत होती. खडा ठेवला, डोकं कलतं केलं, पुन्हा उचलला, बोटभर अलीकडे ठेवला. माझ्या आईला पाटावरची रांगोळी मनासारखी जमेना की ती अशीच करते.



"खडेवेची," मी पुटपुटले. "एक. दहा पावलं. झुडपाशी."

सुवाच्यचं पेन चालू लागलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"पाठ?" सुवाच्यनं खाली बघतच विचारलं.

"मातकट. रेघा नाहीत."

"शेपूट?"

"आखूड. कडेला फिकं."

"वर्तन?"

"घरट्याच्या तोंडाशी खडे मांडतेय."

"गाल?"

ती आमच्याकडे पाठ करूनच काम करत होती. मग झुडपामागे गेली.

"दिसला नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही," सुवाच्य म्हणाला. "गालाचाच रकाना मुख्य आहे. काळगाल्या चंडोल अंगानं असाच असतो. काळा ठिपका असला तर तो काळगाल्या, गाल कोरा असला तर खडेवेची. गाल नाही तर नोंद नाही."

"माहीत आहे मला. मी बसते. फिरेल कधीतरी इकडे."

आम्ही बसून राहिलो. ती यायची, खडा ठेवायची, पाठ दाखवून जायची. सूर्य वर चढत होता. अर्धा तास झाला. मानेवर घामाची धार लागली, ती पुसता येत नव्हती. दगड तापले की ती सावलीत बसणार आणि आमचा तिसरा दिवस संपणार, हे तिघांनाही कळत होतं. बाबांची चुळबूळ सुरू झाली. पाण्याची पिशवी या हातातून त्या हातात.

"लिहून टाक ना," ते अचानक सुवाच्यला म्हणाले.

"काय लिहून टाक?" मी विचारलं.

"गाल. ठिपका आहे म्हणून लिही. काळा ठिपका."

मी त्यांच्याकडे बघितलं. "काळा ठिपका? बाबा, काळा ठिपका म्हणजे काळगाल्या. आत्ताच तो म्हणाला."

"पुस्तकवाले चुकतात. मी पाहिलाय ठिपका. तुझी आणि माझी नोंद जुळली की झालं, मग दोन्ही खऱ्या ठरतील. लिहू दे त्याला."

"मी पाहिलेलं नाही."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय म्हणून मी बघू? मी बघणारी आहे बाबा. नाही दिसला तर नाही दिसला. माळ गेला तरी चालेल, मी न बघितलेलं सांगणार नाही!"

हे मी दातओठ खाऊन, पण कुजबुजतच बोलले, आणि त्यामुळे ते आणखी लागलं असणार. सुवाच्य वहीत डोकं घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

मग ती आली. यावेळी खडा जरा मोठा होता, चोचीत मावेना. तो ओढताना ती पुरती फिरली, आमच्याकडे तोंड करून थांबली, आणि सकाळच्या उन्हात तिचा गाल मला स्वच्छ दिसला. उजवा. मग तिनं मान वळवली आणि डावाही.

"कोरा," मी म्हणाले. "दोन्ही गाल कोरे. ठिपका नाही."

सुवाच्यनं लिहिलं. वेळ टाकली. मग तो लहान मुलासारखा हसला, मान खालीच ठेवून, आणि म्हणाला, "ताई, माळ वाचला."

मला ओरडावंसं वाटत होतं. मी बाबांचा हात धरला. 

"बाबा, सापडली. तुमचीच ती. खडे मांडणारी. तुम्ही खरं सांगत होतात."

"कोरा म्हणालीस?"

"हो."

"नीट पाहिलंस?"

"नीट पाहिला."

त्यांनी पाण्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी गाल पाहिलाच नव्हता."

मला आधी समजलंच नाही.

"मला वर बघायची परवानगी नव्हती," ते म्हणाले. "ती बुटाशी आली, खडा उचलला, पाठ केली आणि पळाली. मोजून चार श्वास. कागद भरायला बसलो तर गालाचा रकाना. तोवर माझा एक रकाना रिकामा गेला नव्हता. पिशवीत पुस्तक होतं. घाईत चित्र बघितलं, ते शेजारच्या पक्ष्याचं निघालं. ठिपका लिहून मोकळा झालो."

"आणि साहेबांनी..."

"साहेबांनी खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. लेखनिकानं पाहिलेलं ग्राह्य नाही, ही पहिली. दुसरी, गालाचे वर्णन या पक्ष्याचे नाही. घरी मी पहिलीच सांगितली."

तो कागद आमच्या कचेरीतल्याच कपाटात होता. बावीस वर्षं मी त्या कपाटाशेजारी बसत होते आणि एकदाही उघडून पाहिला नाही, कारण बाबांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. मला त्यांचा संताप आला. अर्धं आयुष्य मी एका म्हाताऱ्या माणसाला मनातून शिव्या देण्यात घालवलं होतं, फुकट. आणि त्याच वेळी चार श्वासांची ती गोष्ट उराशी धरून तिथे बसलेला हा माणूस मला इतका लहानखुरा दिसला की रागाला धड जागा मिळेना.

"आई म्हणेल, खोट्याच्या कपाळी गोटा," मी म्हणाले.

"म्हणू दे," बाबा उठत म्हणाले. "मला साहेबांकडे घेऊन चल."

"आधी घरी जाऊ. तुम्ही पहाटेपासून उपाशी आहात."

"आत्ता."

"बाबा, ते पंच्याऐंशीचे झालेत. तीस वर्षांत तुम्ही त्यांच्या दारावरून गेला नाहीत. उद्या गेलात तर काय बिघडणार आहे?"

"उद्या मी नवीन काहीतरी जुळवून ठेवीन," ते म्हणाले. "स्वतःला ओळखतो मी. आत्ता चल."

सुवाच्य कागद घेऊन कचेरीत गेला आणि मी बाबांना घेऊन त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या दारात उभी राहिले. बुटांवर माळाची धूळ, पाठीवर गोणपाट. साहेबांनीच दार उघडलं. बनियन घातलेला वाळका म्हातारा, हातात खुर्चीची सुटलेली पट्टी आणि तोंडात दोन खिळे. त्यांनी आधी मला पाहिलं, मग बाबांना, आणि खिळे तोंडातून काढून खिशात टाकले.

"लेखनिक," ते म्हणाले.

"साहेब, गाल मी पाहिला नव्हता. पुस्तकातून भरला. पक्षी पाहिला होता, गाल नाही. एवढंच सांगायला आलो."

बाबा एका दमात बोलले आणि निघायला वळलेसुद्धा. त्यांना उंबरा दिसला नाही, म्हणून थांबावं लागलं.

"पक्षी पाहिला होतास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं," साहेब म्हणाले. "बुटापाशी आली, असं तू लिहिलं होतंस. असं कोणी मनानं रचत नाही. आणि गाल भरलेला आहे, हेही कळलं होतं. गाल सोडून बाकीचं खरं, असं तू येऊन म्हणाला असतास तर मी तुझी नोंद माझ्या नावावर घेऊन पाठवली असती. आठ दिवस तो कागद मी टेबलावर ठेवला होता, न खोडता."

"आठ दिवस?"

"आठ. तू रोज समोरून जायचास, मान खाली घालून."

बाबांनी चाचपडत भिंत धरली. मी पुढे झाले, पण साहेब आधी पोचले. त्यांनी त्यांच्या दंडाला धरून आत नेलं आणि त्या अर्धवट विणलेल्या खुर्चीशेजारच्या पलंगावर बसवलं.

"सांग आता," साहेब म्हणाले. "जेवढं पाहिलंस तेवढंच सांग."

बाबा सांगायला लागले. एक दगड, त्यावर ते बसलेले, मांडीवर वही. एक मातकट पाठ. एक खडा. चार श्वास. बोलता बोलता ते दोनदा थांबले, दोनदा म्हणाले, "नाही, हे नाही पाहिलं," आणि मागे जाऊन पुन्हा सांगितलं. आमच्या घरी ही हकीकत जेवण उरकेपर्यंत पुरायची. त्या दिवशी ती दोन मिनिटांत संपली, आणि साहेबांनी ती पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली.